फिटरचं काम की वायरमनचं?

आप्पांनी आयुष्य एसटीत ड्रायव्हर म्हणून काढलं. आंबा घाट, कुंभार्ली घाट डबल क्लच मारत चढवलेला माणूस. खुब्याच्या ऑपरेशननंतर डावा पाय क्लचवर ठेवायची सोय उरली नाही, म्हणून २००८ साली घरात ऑटोमॅटिक गाडी आली. तेव्हा त्यांनी चावी हातात घेऊन विचारलं होतं, "गिअर कधी टाकायचा ते गाडीच ठरवणार, मग मी कशाला बसलोय?" पुढे त्या गाडीवर त्यांचा इतका जीव जडला की तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं त्यांना आजही खपत नाही. पेट्रोलवर चालणारी, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली साधी हॅचबॅक. कंपनीचं नाव लिहीत नाही. इतक्या वर्षांनी एखादा भाग बिघडला तर त्याचं खापर कंपनीवर फोडण्यात अर्थ नाही.

गेल्या थंडीत तिचं दुखणं सुरू झालं. सकाळी थंड असताना गाडी एकदम गुणी. सांगलीहून मिरजेला जाऊन परत फिरलं, सगळं चांगलं तापलं, की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच मोकळं ओरडायचं, मग दणकन एक झटका, आणि त्यानंतर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जी अडकायची ती अडकायचीच. सिग्नल सुटला तरी लवकर जागची हलेना, मागून हॉर्नचा भडिमार. कडेला घेऊन चावी बंद करायची, थोडं थांबून परत चालू करायची, की जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी अंदाजपत्रक दिलं. गिअरबॉक्स असेंब्ली बदलावी लागेल, मजुरी धरून १ लाख १० हजार. पार्ट ऑर्डर करावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. नक्की काय बिघडलंय, हे विचारल्यावर समोरच्या मुलाने कागदाकडे बोट दाखवलं. कागदावर एवढंच होतं: गिअरबॉक्स सदोष. गाडी विकायला काढली तर तिला सव्वा लाखाच्या वर कुणी देणार नाही. बाहेरच्या एका जाणत्या मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, ऑटोमॅटिकचा बॉक्स उघडायचा नसतोय, बदलायचा असतोय." आप्पा तर गाडी सोडायला मुळीच तयार नव्हते. पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्यांनी आरटीओत पासिंग करून, नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० रुपये भरून आणखी पाच वर्षांची मुदत मिळवली होती. "सरकारनं चालती म्हणून शिक्का मारलाय," हे त्यांचं म्हणणं.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेड शिकवते. मोटर रिवाइंडिंग, स्टार्टर, कंट्रोल पॅनेल यांत हात काळे करण्यात वीस-बावीस वर्षं गेली. गिअरबॉक्स हा माझा विषय नाही. पण गरम झाल्यावर बिघडतं आणि चावी फिरवली की सुधारतं, हे लक्षण ऐकून वीजवाल्या माणसाचे कान टवकारतातच. नुसत्या एवढ्यावरून निकाल देता येत नाही, हेही खरं. क्लच प्लेटा घासल्या असतील तरी गाडीचा कॉम्प्युटर घसरण ओळखून गिअर धरून ठेवतो आणि चावी बंद केली की तो रुसवा विसरतो. म्हणजे संशयाला जागा होती, पुरावा नव्हता. पण पुरावा शोधायला लागतं काय? गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारा एक स्कॅनर, एक मल्टिमीटर आणि ऑइलची पातळी बघायची पट्टी. १ लाख १० हजारांचा कागद लिहिण्याआधी यातलं किती केलं गेलं, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

आत काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्यावरच अवलंबून आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. ऑइलने भरलेला बंद डबा, आत समोरासमोर दोन पंखे आणि मध्ये एक छोटा तिसरा. इंजिन एक पंखा फिरवतं, तो ऑइल फेकतो, त्या ऑइलने दुसरा फिरतो. म्हणून गाडी गिअरमध्ये असतानाही ब्रेक दाबून उभी राहू शकते, बंद पडत नाही. पुढे प्लॅनेटरी गिअर. मधला सूर्य, भोवतीचे ग्रह, बाहेरचं दातेरी कडं. हे सगळे कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. कोणाला धरून ठेवायचं आणि कोणाला फिरू द्यायचं, यावर गिअर ठरतो. धरून ठेवायचं काम छोट्या छोट्या क्लच प्लेटांचे गठ्ठे करतात आणि त्यांना दाबतं ऑइल. ते ऑइल कुठल्या वाटेने सोडायचं हे ठरवते व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे नागमोडी वाटा कोरलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. आणि त्या वाटांवरचे दरवाजे उघडतात-मिटतात ते सोलेनॉइड.

सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि तिच्यात सरकणारा लोखंडी दांडा. माझ्या वर्गातली पोरं ते बनवतात.

इथेच खरी गोम आहे असं माझं मत. हा सोलेनॉइड राहतो गिअरबॉक्सच्या पोटात, ऑइलमध्ये बुडून. फिटर वायरच्या वाटेला जात नाही, आणि ऑटो इलेक्ट्रिशियन ऑइलचं चेंबर उघडत नाही. दोघेही आपापल्या कामात तरबेज असतील, पण ही वस्तू नेमकी दोघांच्या शिवेवर पडते, आणि शिवेवरचं काम कुणाचंच नसतं. मग सोपा मार्ग म्हणजे अख्खी पेटी बदला. पूर्वी असा घोळ नव्हता. जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा चार गिअरचा बॉक्स दिला, त्यात सगळा कारभार ऑइलच्या दाबावर. कॉम्प्युटर औषधालाही नाही. दोष निघाला तर तो फिटरचाच.

सुरुवात पट्टीपासून केली. इंजिन ऑइलची पट्टी गाडी बंद करून बघतात; बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये उलटं. गाडी सपाट जागेवर, ऑइल ७०-८० अंशांपर्यंत तापलेलं, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर पी (पार्किंग), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) असा सगळीकडे सावकाश फिरवून परत पी किंवा एनमध्ये, आणि मग पट्टी. नेमकं कशात ठेवायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. आप्पांच्या गावभागातल्या घराचं अंगण उतरतं आहे, म्हणून गाडी विश्रामबागेत आमच्या पार्किंगमध्ये आणली. पातळी बरोबर होती. रंग मात्र लालचा तपकिरी झालेला. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून वास घेतला. जळका वास असता तर मी तिथेच थांबले असते, कारण जळका वास म्हणजे क्लच प्लेटांवरचं अस्तर जळालं, आणि ते घरी करायचं काम नव्हे. वास नव्हता. नुसतं म्हातारं झालेलं ऑइल.

दुधाळ गुलाबी रंग असता तरी हात टेकले असते. तो पाण्याचा रंग. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आप्पांची गाडी आम्ही गावभागातून काढली खरी, पण बंपरला पाणी लागत होतं. गिअरबॉक्सला वाफ जाण्यासाठी वर एक छोटी नळी असते, तिच्यातून पाणी आत शिरू शकतं, आणि प्लेटांवरचं अस्तर डिंकाने चिकटवलेलं असल्यामुळे पाण्याने सुटायला लागतं. पुरानंतर आम्ही ऑइल बघितलं होतं, स्वच्छ लाल होतं, म्हणून निर्धास्त झालो. पुराने आपलं काम दुसरीकडे करून ठेवलं होतं, ते आत्ता कळलं.

स्कॅनर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. बाजारात सात-आठशेला मिळणारे ब्लूटूथवाले स्कॅनर पुष्कळदा इंजिनापुरतंच वाचतात, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी त्यांची ओळखच होत नाही. त्याच्याकडचा चांगला होता. दोषाचे दोन कोड निघाले. पी०७१७, म्हणजे गिअरबॉक्समध्ये येणारे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल नाही. आणि पी०७६०, म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड सीमध्ये दोष. पी०७३१ ते पी०७३४ हे कोड कुठे आहेत का ते मी मुद्दाम शोधलं. त्यांचा अर्थ असतो की गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे काहीतरी घसरतंय. ते नव्हते. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होते. "काय म्हणतंय मशीन?" म्हटलं, "आप्पा, वायरीचं दुखणं दिसतंय." तर म्हणाले, "मग तुझ्याच खात्यातलं."

आधी सोप्या गोष्टी उरकल्या. बॅटरीचं व्होल्टेज, कारण ते खाली गेलं की गाडीचे कॉम्प्युटर काहीही बरळतात. इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते आधार, कारण तुटलेल्या माउंटचा झटका हुबेहूब गिअरबॉक्सच्या झटक्यासारखा लागतो. दोन्ही ठीक. मग सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा खटका, काढला. आतल्या दोनपैकी एका पिनेवर हिरवा थर. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवल्यावर कडेला धरतो, तोच. पुराचं पाणी कपलरच्या रबराखाली कुठेतरी थेंबभर राहिलं आणि इतकी वर्षं शांतपणे तांबं खात बसलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, मऊ ब्रशने घासलं, पिनेची पकड सुईने किंचित आवळली, नवं रबर बसवलं. पी०७१७ त्यानंतर आजतागायत उगवलेला नाही. सॅंडपेपर घ्यायचा मोह टाळा. पिनेवरचा कल्हईचा मुलामा उडाला की गंज दुप्पट वेगाने येतो.

पी०७६० मात्र तापलं की हजर. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला एक मोठा कपलर असतो, आतल्या सगळ्या सोलेनॉइडच्या वायरी तिथून बाहेर येतात. म्हणजे चेंबर न उघडता प्रत्येक गुंडाळीचा रोध बाहेरूनच मोजता येतो. गाडी थंड असताना मोजलं: चारही सोलेनॉइड ३ ओहमच्या आसपास, एकमेकांत फरक नाही. मग गाडी फिरवून आणली, ती नेहमीप्रमाणे तिसऱ्यात अडकली, तशीच पार्किंगमध्ये घेऊन तापलेल्या कपलरला मीटर लावला. तीन ठीक. चौथ्यावर मीटरने ओएल दाखवलं, सर्किट तुटलेलं. गाडी निवल्यावर परत मोजलं, ३.१. रिवाइंडिंगवाल्यांना हा आजार तोंडपाठ असतो. गुंडाळीच्या टोकाशी तार पिचलेली असते, थंड असताना टोकं टेकलेली, तापून पसरली की सुटलेली.

आणि तिसराच गिअर का, हेही तिथेच उलगडलं. असा दोष दिसला की कॉम्प्युटर धोका न पत्करता सगळ्याच सोलेनॉइडची वीज तोडतो. मग उरतात फक्त स्प्रिंगा आणि ऑइलचा दाब. या प्रकारच्या बॉक्समध्ये ऑइलच्या वाटा अशा कोरलेल्या असतात की वीज अजिबात नसली तरी पुढे जायला तिसरा गिअर आणि मागे यायला रिव्हर्स मिळतो. पहिला दिला असता तर हमरस्त्यावर इंजिन ओरडत राहिलं असतं, चौथा दिला असता तर गाडी जेमतेमच हलली असती. तिसऱ्यावर माणूस रडतखडत घरी पोहोचतो. ज्याने कुणी हे योजलं, त्याच्या अकलेला माझा नमस्कार. लोक याला ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणतात. खरं तर तो तुम्हाला घरी सोडतोय.

सोलेनॉइड मिळवणं हा या प्रकरणातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, तिथे फोन लावला तर अख्खी व्हॉल्व्ह बॉडी देतो म्हणाले. जुन्या गाडीतून काढलेली, तितकीच म्हातारी. नको म्हटलं. जुन्या भागावर छापलेला नंबर असतो, त्या नंबरावर शोधून नवा एकच मागवला. ३,२०० रुपये. ऑइल लिटरला सहाशेच्या घरात, फिल्टर आणि पॅकिंग वेगळं.

ऑइलबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. दुकानदार ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ म्हणून जे पुढे करेल ते घेऊ नका. आमच्या गाडीच्या पुस्तकात एसपी-३ लिहिलंय, म्हणजे एसपी-३. ऑइलमध्ये प्लेटा किती घसराव्यात आणि किती चिकटाव्यात याचा हिशेब घातलेला असतो, तो चुकला की चांगला बॉक्सही झटके देतो. सीव्हीटी नावाच्या ऑटोमॅटिकचं ऑइल वेगळं, त्यात पट्टा आणि पुल्या असतात. एएमटीचा तर मामलाच निराळा. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी घरोघरी पोहोचली, पण तो मुळात साधा क्लचवाला बॉक्स, वर यंत्राचा हात बसवलेला. या लेखातलं काहीही वाचून एएमटीचं चेंबर शोधायला जाऊ नका.

रविवारी सकाळी काम काढलं. पुढची दोन्ही चाकं उचलायची होती. इथे एक गंमत बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गाडी पीमध्ये असली की आपण निश्चिंत असतो, पण पी धरून ठेवतो ती गिअरबॉक्सला जोडलेली चाकं, म्हणजे आमच्या गाडीत पुढची. तीच हवेत गेली की पीचा उपयोग शून्य, गाडी फक्त हँडब्रेकवर. म्हणून मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, आणि पुढे जॅकच्या भरवशावर न राहता गाडी टेकवायला दोन लोखंडी घोडे. गाडी हलवून बघितल्याशिवाय खाली गेले नाही. नवरा बँकेत आहे, पान्यांशी त्याचं फारसं जमत नाही, पण बॅटरी धरायला त्याच्यासारखा माणूस नाही. "अगं, पण ही परत जोडता येईल ना?" एवढं एकदा विचारून त्याने उजेड बरोबर तिथेच पाडला, जिथे हवा होता.

ऑइल कोमट असताना काढलं, हाताला सोसेल इतकं. तापलेलं काढायला गेलात तर कोपरापर्यंत भाजेल. निघालेलं ऑइल खुणा केलेल्या बादलीत मोजून ठेवलं, कारण जेवढं निघालं तेवढंच परत घालायचं असतं. बॉक्समध्ये एकूण साडेसहा लिटरच्या आसपास मावतं, पण चेंबर उघडून निम्मंच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये अडून राहतं. चेंबरचे बोल्ट एका बाजूचे ढिले ठेवून दुसरी बाजू हळूच खाली उतरवायची. सगळे एकदम काढले तर उरलेलं ऑइल तोंडावर येतं.

चेंबरच्या तळाशी लोहचुंबक चिकटवलेले असतात. त्यांच्यावर काय जमलंय ही गिअरबॉक्सची खरी जन्मपत्रिका. मी बोट फिरवून बघितलं, राखाडी काळा मऊ लेप, चिमटीत चोळला तर टोचत नव्हता. इतक्या वर्षांची साधी झीज. चमकते तुकडे किंवा दाताचे कपचे असते तर सोलेनॉइड तसाच बाजूला ठेवून चेंबर परत लावलं असतं आणि गाडी बॉक्स बांधणाऱ्याकडे दिली असती. आप्पांना चुंबक दाखवला. त्यांनी तो लेप अंगठ्यावर घेऊन उन्हात बघितला, "डेपोत याला आम्ही लोण्यासारखा म्हणायचो, वाईट नाही," असं म्हणून परत दिला. त्या क्षणी मला सर्व्हिस सेंटरच्या कागदापेक्षा तो अंगठा जास्त पटला.

आता स्वच्छता. आमच्या वर्कशॉपात हात पुसायला कॉटन वेस्ट असतं, ते मी त्या दिवशी पार्किंगच्या आसपासही येऊ दिलं नाही. व्हॉल्व्ह बॉडीतल्या वाटा इतक्या बारीक की सुताचा एक धागा अडकला तरी व्हॉल्व्ह चिकटून बसतो. धागे न सुटणारं कापड, ब्रेक क्लीनर आणि पार्किंगमधली पोरं दहा फूट लांब. व्हॉल्व्ह बॉडी मी सोडवली नाही. तिच्या आत छोट्या पोलादी गोळ्या आणि स्प्रिंगा असतात. एक गोळी घरंगळली तर ती कुठली, हे सांगणारा देवच. सोलेनॉइड मात्र बाहेरच्या अंगाला एका पत्र्याच्या पट्टीखाली बसवलेले होते, दोन बोल्ट काढले की हातात. नव्याच्या ओ-रिंगांना, म्हणजे रबरी कड्यांना, नवं ऑइल चोपडून तो हाताने दाबत बसवला. बोल्टना टॉर्क पाना, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पाना, १० ते १२ न्यूटन-मीटर. हे फार थोडं असतं. मनगटाच्या अंदाजाने आवळणारे लोक ॲल्युमिनियमचे आटे इथेच घालवतात आणि मग खरोखरच १ लाख १० हजारांचं काम निघतं.

जुना सोलेनॉइड काढल्यावर राहवेना. झिपच्या पिशवीत घातला, दोन वायरी बाहेर काढून मीटरला जोडल्या आणि पिशवी गरम पाण्याच्या पातेल्यात सोडली. ३.१. थोड्या वेळाने ३.३. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, तेव्हा हे चढणं अपेक्षितच होतं. ३.५ झालं, आणि एकदम ओएल. पिशवी बाहेर काढून ठेवली, पाच-सात मिनिटांत ३.३ वर परत. नवऱ्याने बॅटरी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. तो सोलेनॉइड आता माझ्या वर्गात आहे. नव्या बॅचला नुसता मीटर देऊन विचारते, ‘हा चांगला की खराब?’ सगळे चांगला म्हणतात. मग गरम पाणी मागवते.

चेंबर लावलं, नवा फिल्टर, नवं पॅकिंग, बोल्ट तिरक्या क्रमाने. मोजलेलं ऑइल बारीक नरसाळ्याने पट्टीच्या नळीतून. मग गाडी खाली उतरवून, तापवून, पुन्हा पट्टी. थोडं जास्त झालं तर काय बिघडतं, असं वाटतं, पण पातळी वर गेली की फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात, आणि फेसाने दाब धरत नाही. म्हणजे कमी ऑइलचंच लक्षण जास्त ऑइलने येतं.

कोड पुसले आणि गाडी बाहेर काढली. पहिले काही किलोमीटर गिअर ओबडधोबड पडत होते, आप्पांचा चेहरा उतरला. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वर्षानुवर्षं त्या दुखऱ्या सोलेनॉइडशी जुळवून घेत आला होता; स्कॅनरमधून त्याची ती सवय पुसून टाकली तर नवी लागेपर्यंत वेळ जातो. त्यासाठी हलक्या पायाने, मग मध्यम पायाने, थांबत निघत चालवायचं. आप्पांनी हे काम स्वतःकडे घेतलं. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, परत. संध्याकाळपर्यंत दुसरा गिअर पडलेला कळेनासा झाला.

निघालेलं ऑइल नालीत किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. मी ते कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजात दिलं, तिथे रिसायकलवाल्यांची गाडी येते.

सगळा खर्च ऑइल, फिल्टर, पॅकिंग, सोलेनॉइड आणि एक नवा टॉर्क पाना धरून दहा हजारांच्या आत बसला. मजुरी म्हणून आप्पांनी सर्वांना भडंग आणि चहा दिला. थंडीत सकाळी रिव्हर्स टाकल्यावर गाडी अजून क्षणभर विचार करते, ते तिच्या वयाचं आहे, मी त्याच्या मागे लागणार नाही. निम्मं जुनं ऑइल आत आहेच. दिवाळीच्या आधी आणखी एकदा काढून भरलं की रंग सुधारेल. उरलेले तीन सोलेनॉइडही त्याच वयाचे आहेत. एक जास्तीचा मागवून कपाटात ठेवलाय, नंबर जुळवून.